‘ग्राऊंड’ लिहिलंय म्हणून हात लावू नका

मागच्या अंकात एका उत्तराच्या ओघात मी लिहून गेले होते की सर्किटच्या आकृतीत सिग्नलचं, म्हणजे वायरचं, नाव चुकलं तर बोर्ड चुकतो. त्या एका वाक्यावर इतकी पत्रं आली, की या वेळचं सगळं सदर त्यालाच दिलं आहे. गेली चोवीस वर्षं मी कुपवाडच्या एमआयडीसीत कंट्रोल बोर्ड तयार करण्याच्या कामात आहे. त्यातला बराच काळ दुसऱ्यांनी काढलेल्या आकृत्या, बोर्ड बनायला जाण्याआधी, तपासण्यात गेला. म्हणून हा विषय मला जवळचा आहे.

वाचताना एक ध्यानात ठेवा. इथे सगळी नावं देवनागरीत छापली आहेत. तुमच्या संगणकावर ती रोमन कॅपिटल अक्षरांतच लिहायची.

प्रश्न : ताई, आमचे सोळा माग आहेत. बाण्याचा धागा तुटला की माग थांबवणारा छोटा बोर्ड मी केआयकॅडमध्ये (बोर्डाची आकृती काढायच्या सॉफ्टवेअरमध्ये) काढला आणि पाच नग करून आणले. कंट्रोलर चालतो, दिवा लुकलुकतो. पण धागा तुटला की माग थांबायच्या ऐवजी बोर्डच बंद पडतो. धागा जोडला की पुन्हा सुरू. सॉफ्टवेअरच्या तपासणीत एकही एरर नव्हती. आकृती सोबत जोडली आहे. (विटा)

उत्तर : तुमची आकृती मी टेबलावर पसरून पेन्सिल घेऊन बघितली. पहिल्या पानावर रेग्युलेटरच्या (पाच व्होल्ट बनवणाऱ्या भागाच्या) आउटपुटला तुम्ही नाव दिलंय ‘+५व्ही’. दुसऱ्या पानावर कंट्रोलरच्या सप्लाय पिनेला आहे ‘५व्ही’. तुम्हा-आम्हाला हे एकच. सॉफ्टवेअरला या दोन वेगळ्या वायरी आहेत. त्यामुळे तुमच्या पाचही बोर्डांवर रेग्युलेटरपासून कंट्रोलरपर्यंत तांब्याची रेघच नाही.

मग कंट्रोलर चालतो कसा? धाग्याच्या सेन्सरला ‘+५व्ही’ बरोबर पोचलेत. धागा शाबूत असतो तोवर सेन्सरचं आउटपुट पाच व्होल्टवर असतं आणि ते कंट्रोलरच्या एका इनपुट पिनेला जातं. कंट्रोलरच्या आत सहसा प्रत्येक पिनेपासून सप्लायकडे एक संरक्षक डायोड असतो. त्या डायोडमधून करंट उलट्या वाटेने सप्लायच्या पिनेवर येतो आणि चिप त्याच्यावर जगते. धागा जोडलेला असताना मीटर लावून बघा, पाचाऐवजी चार-साडेचारच्या दरम्यान आकडा दिसेल. धागा तुटला की सेन्सर शून्यावर येतो आणि ही मागची वाट बंद होते. ज्या क्षणी कंट्रोलरने माग थांबवायचा, नेमका त्याच क्षणी त्याचं जेवण तुटतं.

एरर नव्हती असं तुम्ही लिहिलंय. ती आली असणार, कारण ‘५व्ही’च्या वायरवर ‘पॉवर फ्लॅग’चं चिन्ह ठेवलेलं मला दिसतंय. सप्लाय पिनेला वीज कुठूनच येत नाही, असं सॉफ्टवेअर सांगत होतं. तुम्ही फ्लॅग लावलात आणि ते गप्प झालं. त्या चिन्हाचा अर्थ ‘इथे वीज बाहेरून, कनेक्टरमधून येते, मला माहीत आहे’ असा आहे. जिथे खरोखर कनेक्टर आहे तिथेच तो लावा. दुसरीकडे एरर आली की आधी त्या वायरवर क्लिक करून ती कुठे कुठे उजळते ते बघा. तुमच्या बाबतीत फक्त दुसरं पान उजळलं असतं.

आत्ताचे पाच नग वाया घालवू नका. रेग्युलेटरच्या आउटपुटपासून कंट्रोलरजवळच्या कपॅसिटरच्या पायापर्यंत एक जंपर, म्हणजे जोडवायर, टाका. पुढच्या वेळी सप्लायची नावं एकाच साच्यात ठेवा. आमच्याकडे ‘पी५व्ही०’, ‘पी३व्ही३’, ‘पी१२व्ही’ आणि उणे असेल तर ‘एन१२व्ही’ असं लिहितात. दशांशाच्या टिंबाच्या जागी ‘व्ही’ येतो, कारण झेरॉक्समध्ये आणि बारीक छपाईत टिंब उडून जातं आणि ३.३ चे ३३ होतात. रेझिस्टरवर ४.७ के न लिहिता ४के७ लिहितात तेही याचसाठी. पुढे ‘पी’ असल्यामुळे नाव आकड्याने सुरू होत नाही. काही सॉफ्टवेअरना आणि प्रोग्रॅमिंगच्या भाषांना आकड्याने सुरू होणारं नाव चालत नाही. अधिक-उण्याची चिन्हंही त्यात टळतात.

‘व्हीसीसी’ मात्र सोडून द्या. त्यातला ‘सी’ ट्रान्झिस्टरच्या कलेक्टरचा आहे, जसा ‘व्हीडीडी’तला ‘डी’ ड्रेनचा. ते नाव किती व्होल्ट हे सांगत नाही. ज्या बोर्डावर ३.३ आणि ५ दोन्ही आहेत, तिथे ‘व्हीसीसी’ वाचून माणूस अंदाज बांधतो.

प्रश्न : मोबाइलवरून विहिरीची मोटर चालू-बंद करायचा बोर्ड केला. फेज तपासायचं सर्किट जुन्या टायमरच्या आकृतीतून कॉपी केलं आणि जीएसएम मॉड्यूल नवीन पानावर घेतलं. त्याला वेगळा एसएमपीएस (वीजपुरवठा) आहे. बोर्ड चालतो, पण अँटेनाला हात लागला आणि जोराचा शॉक बसला. एसएमपीएस बदलून बघितला, तरी तेच. (पलूस)

उत्तर : पहिल्यांदा, तो बोर्ड आजच उतरवून ठेवा. घरातल्या कुणाला त्याच्याजवळ जाऊ देऊ नका. एसएमपीएसचा यात दोष नाही.

तुम्ही कॉपी केलेल्या टायमरला ट्रान्सफॉर्मर नाही. फेजमधून एका मोठ्या कपॅसिटरने करंट आत घेतला आहे आणि सर्किटचा कॉमन, म्हणजे ज्याला सर्किट शून्य धरतं ती वायर, थेट मेन्सच्या दुसऱ्या वायरला जोडलेला आहे. स्वस्त टायमर आणि प्रिव्हेंटर असेच करतात आणि बंद प्लास्टिकच्या डबीत ते चालूनही जातं. त्या कॉमनला मूळ आकृतीत ‘जीएनडी’चं, म्हणजे ग्राऊंडचं, चिन्ह होतं. तुमच्या नव्या पानावर जीएसएम मॉड्यूललाही ‘जीएनडी’चंच चिन्ह आहे. सप्लायची चिन्हं सगळ्या पानांवर आपोआप जोडली जातात, रेघ ओढावी लागत नाही. त्यामुळे मॉड्यूलचं ग्राऊंड मेन्सला जाऊन मिळालं. अँटेनाच्या कनेक्टरचं पितळी कवच म्हणजे मॉड्यूलचं ग्राऊंडच. तुमचा हात २३० व्होल्टवर पडला. त्याचं शिखर ३२५ व्होल्टपर्यंत जातं. ओली जमीन आणि अनवाणी पाय असते, तर हे पत्र तुम्ही लिहू शकला नसता.

कॉमन तर न्यूट्रलला जोडलाय, असं तुम्ही म्हणाल. विहिरीवरच्या स्टार्टरच्या पेटीत फेज आणि न्यूट्रल कुणी कधी उलटे केले असतील याचा भरवसा धरू नका. वायरमन बदलतो, दुरुस्तीत वायरी उलटतात, आणि न्यूट्रल मध्येच तुटला तर त्याच वायरवर फेज येऊन बसतो.

ही गोष्ट मी पुस्तकातून सांगत नाही. नोकरीच्या सुरुवातीला, दुसऱ्या एका कारखान्यात असताना, अशाच एका टायमरची आकृती मी काढली होती आणि त्याच्या कॉमनला ‘जीएनडी’ नाव दिलं होतं. सवयीने दिलं, दुसरं काही डोक्यात आलंच नाही. टेस्टिंगला नवा आलेला आयटीआयचा मुलगा आकृती समोर ठेवून काम करत होता. त्याने ऑसिलोस्कोपची मगरचिमटी ‘जीएनडी’ लिहिलेल्या जागी लावली. शिकवलेलं होतं तेच त्याने केलं. स्कोपची चिमटी तीन पिनांच्या प्लगमधून अर्थिंगला जोडलेली असते. त्या दिवशी सॉकेट उलट जोडलेलं होतं. मोठा आवाज झाला, चिमटीचं टोक वितळून उडालं आणि सगळ्या टेबलांची लाइट गेली. मुलाच्या मनगटावर भाजल्याची खूण राहिली. साहेब त्याला बोलले, ‘बघून लावायचं कळत नाही का?’ तो बघूनच लावत होता. आकृतीवर नाव मी लिहिलेलं होतं, आणि हे मी त्याच दिवशी सगळ्यांसमोर सांगितलं. तेव्हापासून मेन्सला जोडलेल्या कॉमनला माझ्या हातून ‘ग्राऊंड’ हा शब्द लिहिला गेलेला नाही.

तुम्ही असं करा. मेन्सकडच्या कॉमनला ‘हॉट_कॉम’ नाव द्या आणि त्याचं चिन्हही वेगळं घ्या. ग्राऊंडचं ओळखीचं चिन्ह तिथे नकोच. मेन्सकडचे सप्लायसुद्धा ‘हॉट_५व्ही’, ‘हॉट_१२व्ही’ असे. पुढे ‘हॉट’ असलेली वायर जीएसएमच्या पानावर दिसली की समजा काहीतरी चुकलंय. दोन्ही बाजूंमध्ये फक्त ऑप्टोकप्लर (प्रकाशातून सिग्नल पोचवणारा भाग) आणि रिले एवढेच दुवे ठेवा, आणि आकृतीवर त्यांच्यामधून एक जाड तुटक रेघ ओढा. बोर्डावरही त्या रेघेच्या जागी तांबं नको. मी स्वतः तिथे किमान ८ मिलिमीटर मोकळे सोडते.

प्रोग्रॅमिंगच्या वेळी लॅपटॉपची यूएसबी केबल ‘हॉट’ बाजूला कधीही लावू नका. चार्जर काढला म्हणून लॅपटॉप सुरक्षित होत नाही, त्याचं धातूचं अंग मेन्सच्या व्होल्टेजवर चढतं. स्कोपने बघायचंच असेल तर बोर्ड आयसोलेशन ट्रान्सफॉर्मरवर घ्या. स्कोपच्या प्लगची अर्थिंगची पिन काढून टाकायचा सल्ला तुम्हाला कुणी ना कुणी देईल. तो ऐकू नका. मग सगळा स्कोपच हॉट होतो.

तुमच्या मोटरच्या तीन फेजना तुम्ही ‘आर’, ‘वाय’, ‘बी’ म्हटलंय. वायरमनला तेच कळतं, पण आकृतीत ‘आर’ म्हणजे रेझिस्टर आणि ‘बी’ आरएस-४८५ मध्येही (दोन वायरींवरून उपकरणांनी एकमेकांशी बोलायच्या पद्धतीत) येतो. ‘फेज_आर’, ‘फेज_वाय’, ‘फेज_बी’ लिहा. न्यूट्रलला नुसता ‘एन’ न लिहिता पूर्ण शब्द लिहा.

प्रश्न : मॅडम, रिसेटच्या पिनेवर डेटाशीटमध्ये नावावर आडवी रेघ असते. काही ठिकाणी पुढे हॅश, काही ठिकाणी शेवटी एन, काही ठिकाणी तिरकी रेघ. प्रोजेक्टमध्ये आम्ही चौघांनी चार प्रकारे लिहिलं आणि सरांनी आकृती परत दिली. बरोबर कुठलं? (इंजिनिअरिंगच्या तिसऱ्या वर्षाचा विद्यार्थी, सांगली)

उत्तर : तुमच्या सरांनी चांगलं केलं. चारही खुणांचा अर्थ एकच आहे: वायर शून्यावर गेली की नावात लिहिलेली गोष्ट घडते. रिसेटची वायर शून्यावर तर रिसेट चालू.

आडवी रेघ कागदावर सगळ्यांत छान दिसते, पण ती फार लवकर हरवते. प्रत्येक सॉफ्टवेअर ती आपापल्या खुणेने लिहितं. ईगलमध्ये उद्गारचिन्ह, अल्टियममध्ये प्रत्येक अक्षरामागे उलटी तिरकी रेघ. केआयकॅडमध्येही २०२१ च्या डिसेंबरात आलेल्या सहाव्या आवृत्तीत ही खूण बदलली. नाव तिथून नेटलिस्टमध्ये (कुठल्या वायरवर कुठल्या पिना, या यादीत), मग सी भाषेतल्या प्रोग्रॅममध्ये जातं आणि मग तू मित्राला फोनवर ‘रिसेट हाय कर’ म्हणतोस. त्या प्रवासात रेघ कुठे गळाली ते कुणाला कळत नाही. हॅश सीमध्ये प्रीप्रोसेसरचा आहे. पुढची तिरकी रेघ केआयकॅड पानांची वाट लिहायला वापरतं. चांदणी (*) ओळीच्या सुरुवातीला आली तर स्पाइस, म्हणजे सर्किट संगणकावर चालवून बघायचं सॉफ्टवेअर, ती ओळ शेरा समजून सोडून देतं. म्हणून माझ्या आकृतीत नावासाठी फक्त रोमन अक्षरं, आकडे आणि अंडरस्कोर. तेही आकड्याने सुरुवात नाही, अंडरस्कोरने शेवट नाही आणि दोन अंडरस्कोर शेजारी शेजारी नाहीत. या तिन्ही गोष्टी व्हीएचडीएलला चालत नाहीत, आणि तुमच्या लॅबमध्ये पुढे एफपीजीए, म्हणजे व्हीएचडीएलसारख्या भाषेत लिहून आतलं सर्किट ठरवायची चिप, येणारच आहे. ‘इन’, ‘आउट’, ‘बस’ आणि ‘रजिस्टर’ हेही व्हीएचडीएलचे राखीव शब्द आहेत.

आता ‘एन’ पुढे की मागे? मी पुढे लावते: ‘एनरिसेट’. एसटीएम३२ च्या चिपवरही ती पिन ‘एनआरएसटी’ अशीच आहे. मागे ‘_एन’ लावण्यात एक अडचण आहे. डिफरेन्शियल जोडीत, म्हणजे यूएसबीसारख्या दोन जुळ्या वायरींमध्ये, उलट्या वायरला ‘_एन’ आणि सरळ वायरला ‘_पी’ म्हणतात आणि सॉफ्टवेअर त्यावरून जोडी ओळखतं. एकाच आकृतीत शेवटच्या ‘_एन’चे दोन अर्थ झाले की वाचणारा अडखळतो. बऱ्याच मोठ्या टीम ‘_एन’ मागे लावतात आणि त्यांचंही नीट चालतं. तुम्ही चौघांनी एकच काहीतरी ठरवा. फक्त लहान-मोठ्या लिपीवर अर्थ टांगू नका. व्हीएचडीएलला आणि स्पाइसला लहान-मोठं अक्षर सारखंच, सीला वेगळं.

एक तुझ्या पत्रात नव्हतं, पण आकृतीत दिसलं. दोन चिपांच्या मधल्या वायरला तू ‘टीएक्स’ म्हटलंयस. कुणाचा टीएक्स? एकाचा टीएक्स (पाठवणारी पिन) तो दुसऱ्याचा आरएक्स (घेणारी पिन). ‘जीपीएस_ते_एमसीयू’ (एमसीयू म्हणजे कंट्रोलर) अशा अर्थाचं, दिशा सांगणारं नाव दे, म्हणजे उलटसुलट जोडायचा प्रश्नच उरत नाही.

प्रश्न : कोल्ड स्टोरेजमध्ये बेदाण्याच्या चेंबरचं तापमान वाचायला नवा बोर्ड केला. आरएस-४८५ वर तीन कंपन्यांचे मीटर आहेत. ‘ए’ला ‘ए’, ‘बी’ला ‘बी’ बरोबर जोडलं, दोन बोलतात, तिसरा नाही. त्याचे ए-बी उलटे केले तर तोही बोलतो. मीटर खराब आहे का? (तासगाव)

उत्तर : मीटर चांगला आहे. ही गफलत फार जुनी आहे. आरएस-४८५ चं मानक १९८३ चं. त्यात लिहिलंय की वायर निवांत असताना, म्हणजे कुणी बोलत नसताना, ‘ए’ हा ‘बी’पेक्षा खाली असतो. या वायरींवर बोलणाऱ्या-ऐकणाऱ्या ट्रान्सीव्हर चिपा बनवणाऱ्या बहुतेकांनी मात्र सरळ पिनेला ‘ए’ नाव दिलं, म्हणजे निवांत असताना ‘ए’ वर. मीटर बनवणाऱ्यांपैकी कुणी मानक बघून कव्हरवर अक्षर छापलं, कुणी चिपेची डेटाशीट बघून. दोघेही आपापल्या जागी बरोबर आणि तुम्ही मध्ये.

तुमच्या स्वतःच्या बोर्डावर ‘ए’ आणि ‘बी’ लिहूच नका. जी वायर निवांत असताना वर राहते तिला ‘आरएस४८५_पी’, दुसरीला ‘आरएस४८५_एन’. बोर्डावर टर्मिनलच्या शेजारीही हीच अक्षरं छापा आणि आकृतीत तिथेच एक ओळ टाका: ‘निवांत असताना पी वर’. मग साइटवर नवा मीटर आला की त्याच्यावर काय छापलंय याची चिंता नको. बायस लावलेल्या, म्हणजे निवांत असताना रेझिस्टरने एक वर आणि एक खाली ओढून धरलेल्या, वायरींवर मल्टिमीटरचं लाल टोक एकावर, काळं दुसऱ्यावर ठेवा. आकडा अधिक आला तर लाल टोकाखाली ‘पी’. उलट जोडल्याने सहसा काही जळत नाही, नुसतं बोलणं बंद पडतं. जाता जाता, १२० ओहमचे रेझिस्टर केबलच्या दोन टोकांनाच हवेत. तुमच्या फोटोत ते तिन्ही मीटरना दिसतायत.

प्रश्न : आमची सोसायटी नदीकाठी आहे. २०१९ च्या पुरानंतर तळघरात पाणी शिरलं की भोंगा वाजावा असा बोर्ड मी बसवला. गेल्या पावसाळ्यात पाणी आलं, भोंगा वाजला नाही. नंतर बघितलं तर उंदराने फ्लोटची वायर कुरतडली होती. यात नावाचा काही संबंध आहे का? माझ्या आकृतीत फ्लोटच्या सिग्नलचं नाव ‘फ्लड’ आहे. (सांगली)

उत्तर : आहे. ‘फ्लड’ असं नाव दिलं की मन आपोआप ‘पूर आला की एक, नाहीतर शून्य’ असं जोडतं. मग तुटलेली वायर आणि कोरडं तळघर दोन्ही शून्य. उंदराने वायर तोडली त्या दिवसापासून तुमचा बोर्ड ‘सगळं कोरडं आहे’ असंच सांगत होता.

त्याच सिग्नलला ‘ड्राय_ओके’ म्हणा आणि नावाप्रमाणे वायरिंग करा. कोरडं असताना ज्याचा संपर्क जोडलेला राहतो असा फ्लोट घ्या, त्यातून व्होल्टेज येत राहील आणि सिग्नल एकवर राहील. पाणी आलं तर संपर्क तुटेल आणि सिग्नल शून्य. वायर तुटली तरी शून्य, कनेक्टर सैल झाला तरी शून्य. प्रत्येक वेळी भोंगा वाजेल. इनपुटवर शून्याकडे ओढणारा दहा के चा रेझिस्टर मात्र विसरू नका, नाहीतर तुटलेली वायर हवेत तरंगत काहीही सांगेल. मोटरच्या स्टार्टरचं लाल बटण असंच असतं. ते नेहमी जोडलेलं असतं आणि दाबलं की तुटतं, म्हणून त्याची वायर तुटली तरी मोटर थांबतेच. गावातल्या कुठल्याही मोटरवाल्याला हे ठाऊक आहे. आपण इलेक्ट्रॉनिक्सवाले नाव घाईत देतो आणि विसरतो.

तुमच्या आकृतीत वरच्या टाकीसाठी ‘टँक_लो’ असंही एक नाव आहे. मी ते तीनदा वाचलं. टाकीतलं पाणी कमी, की सिग्नल शून्यावर आला की काम करणारा? ‘लो’ आणि ‘हाय’ हे शब्द मी पाण्याच्या पातळीसाठी वापरतच नाही. ‘टँक_रिकामी’ आणि ‘टँक_भरली’ या अर्थाचे, ‘एम्प्टी’ आणि ‘फुल’ असे शब्द घ्या. सांगलीच्या आयर्विन पुलावर नदीचं पाणी ४० फुटाला इशारा आणि ४५ फुटाला धोका. आपल्याकडे लहान पोरालाही यातला फरक कळतो, कारण दोन पातळ्यांना दोन वेगळी नावं आहेत. तुमच्याकडे दोन फ्लोट असतील तर ‘लेव्हल१’, ‘लेव्हल२’ न लिहिता ‘इशारा’ आणि ‘धोका’ लिहा, रोमन अक्षरांत.

प्रश्न : मी तंतुवाद्यं बनवणाऱ्या घरातला आहे. इलेक्ट्रॉनिक तानपुऱ्याच्या सर्किटमध्ये पंचम, जोड, खर्ज अशी मराठी नावं दिली तर चालतील का? देवनागरीत लिहिली तर? (मिरज)

उत्तर : मराठी नावं जरूर द्या. तारेला ‘खर्ज’ म्हणणं हे ‘ऑसिलेटर४’ म्हणण्यापेक्षा कितीतरी नेमकं आहे. तुमच्याकडे काम करणाऱ्याला ते लगेच कळेल आणि दोन जोडीच्या तारा ‘जोड१’, ‘जोड२’ अशा वेगळ्या राहतील.

देवनागरीत मात्र लिहू नका. हे सांगताना मला वाईट वाटतं, कारण केआयकॅडच्या पडद्यावर देवनागरी दिसते. अडचण पुढे येते. सीच्या प्रोग्रॅमपासून बोर्ड बनवणाऱ्याच्या मशीनपर्यंत कुठे ना कुठे एखादं जुनं सॉफ्टवेअर असतं आणि तिथे चौकोन उमटतात. आणि आपल्या लिपीत एक लपलेली अडचण आहे. ‘दुसऱ्या’मधला ‘ऱ्या’ टाइप करायच्या संगणकावर एकाहून जास्त पद्धती आहेत. एका पद्धतीत ‘ऱ’ हे एक अक्षर असतं, एका पद्धतीत साधा ‘र’ आणि खाली टिंब अशी दोन, एका पद्धतीत न दिसणारा जोडणारा कोड मध्ये बसतो. पडद्यावर सगळे सारखे दिसतात. सॉफ्टवेअरने कोड बघून नावं ताडली तर त्या वेगळ्या वायरी. मोबाइलवर लिहून संगणकात चिकटवलेलं आणि संगणकावर टाइप केलेलं नाव डोळ्यांनी तासभर बघितलं तरी फरक सापडणार नाही.

रोमनमध्ये लिहिताना स्पेलिंग पक्कं करा. ‘खर्ज’ कुणी एका ए ने लिहील, कुणी दोन ए ने. आकृतीच्या पहिल्या पानावर एका चौकटीत चारही नावं, त्यांचं स्पेलिंग आणि कुठली तार ते लिहून ठेवा. नवीन लेबल लावताना हाताने टाइप न करता आधीचं लेबल कॉपी करा. ‘ओ’ आणि शून्य, ‘आय’ आणि एक एकमेकांशेजारी येतील अशी नावंही टाळा. मोठ्या चिपांच्या खाली सोल्डरच्या गोळ्यांच्या ओळींना अक्षरं देतात, त्यात याच कारणाने ‘आय’ आणि ‘ओ’ वगळलेले असतात.

सूर जुळवण्याआधी तुम्ही स्पाइसमध्ये सर्किट चालवून बघणार असाल तर दोन गोष्टी. तिथे ग्राऊंडचं ठरलेलं नाव ‘०’ आहे. आणि एक मेगोहम लिहायला ‘१एम’ लिहिलंत तर स्पाइस ते एक मिलिओहम समजतं, ‘१एमईजी’ लिहावं लागतं. तुमचा खर्ज सिम्युलेशनमध्ये भलत्याच सुरात लागला तर आधी तिथे बघा.

प्रश्न : चार-पाच वर्षांपूर्वीच्या आमच्या आकृतीत नावं वाट्टेल तशी आहेत. ‘टेम्प’ दोन पानांवर आहे, ‘आउट१’ तीन पानांवर. बोर्ड मात्र चालतो. नावं सुधारायची तर बोर्ड बिघडणार नाही ना? (कुपवाड)

उत्तर : आधी ते दोन ‘टेम्प’ बघा. एक तापमानाचा आणि एक तात्पुरता म्हणून टाकलेला असेल आणि दोन्ही ग्लोबल लेबल, म्हणजे सगळ्या पानांवर जोडली जाणारी, असतील, तर ते आत्ताही जोडलेले आहेत. बोर्ड चालतोय तो नशिबाने. लेबल लोकल असतील, म्हणजे त्या त्या पानापुरती, तर त्या वेगळ्या वायरी आहेत आणि चिंता नाही. ‘आउट१’चंही तसंच तपासा. एका पानावरचा भाग कॉपी करून दुसऱ्या पानावर टाकला की ग्लोबल नावं जशीच्या तशी येतात आणि दोन रिलेचे ड्रायव्हर एकमेकांना भिडतात.

मग आजची नेटलिस्ट काढून तारखेसह बाजूला ठेवा. एका वेळी एकच नाव बदला, पुन्हा नेटलिस्ट काढा आणि दोन्ही शेजारी उघडून बघा. नाव बदललेलं दिसलं पाहिजे आणि त्या नावाखालच्या पिनांची यादी तीच राहिली पाहिजे. एखादी पिन गळाली किंवा नवी आली तर तिथेच थांबून मागे जा. मी हे काम सकाळी, फोन बंद ठेवून करते. चाळीस-पन्नास नावांची आकृती असेल तर दोन सकाळी पुरतात. प्रोग्रॅम लिहिणाऱ्याला बदललेल्या नावांची यादी त्याच दिवशी द्या, नाहीतर त्याच्याकडे जुनं ‘आउट१’ राहील.